टोमण्यालाच बंद पडतो

२० ऑगस्ट, गुरुवार
ही वही आणली तेव्हा पहिल्या पानावर नाव टाकलं, खाली एक मासा काढला, आणि बास. रोज ठरवतो आज लिहायचं. पेन सापडत नाही. पेन सापडलं की कोणीतरी खालून हाक मारतं. आज लिहितोय कारण डोकं फिरलंय, आणि मामाशी आत्ता बोलायची सोय नाही.

टोमणा रेकॉर्ड करत होतो. मामा पार रंगात. पुढचं कडवं उचलणार, एवढ्यात हेडफोनमध्ये घर्रर्र. स्क्रीन गोठली, मग काळी, मग आपोआप चालू, साळसूद. फाइल नाहीच.
मामा म्हणाला, "आलं ना सगळं?"
मी म्हटलं, बघतो. बघायला काय होतं तिथे.

२१ ऑगस्ट
उद्या-परवा वाचताना मलाच कळणार नाही म्हणून नीट लिहून ठेवतो. गणपतीत गावाला जाखडीचा सामना असतो. आम्ही शक्तीवाले, समोर तुरेवाले. मध्ये पोरं घुंगरू बांधून गोलात नाचतात आणि दोन शाहीर गाण्यातून एकमेकांची काढतात. गण, गवळण वगैरे साधं असतं. खरी मजा टोमण्याला. टोमणा म्हणजे समोरच्याला नाव न घेता असा झोडायचा की गर्दीने त्याच्याकडेच बघावं. आमचा शाहीर मामा. मी लहान असल्यापासून तोच.

या वर्षी तो जाणार नाही. गळ्यात गाठ आहे, सोमवार ७ तारखेला ॲडमिट, मंगळवारी ऑपरेशन. डॉक्टरांनी सांगितलं, गाठ साधी आहे, पण आवाजाची नस तिथूनच जाते. आवाज राहील, कदाचित बारीक होईल, कदाचित... तिथे ते थांबले. मामाने पुढचं विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर फक्त म्हणाला, "दीप्या, तुझा तो डबा चालू कर. या वर्षी पोरं रेकॉर्डवर नाचतील."

म्हणजे काम माझ्यावर. बारावी अर्धवट, आयटीआय अर्धवट, कुरिअर दोन पावसाळे. पण कॉम्प्युटर माझा, माइक माझा.

२२ ऑगस्ट, शनिवार
रॅम बघायला भाईंदरला निघालो. स्टँडवर उत्तनची बस उभी होती, रिकामी, खिडकी मिळाली. बसलो. तिकडे जाऊन जेटीवर बसलो. एक कोळीणबाई म्हणाली, "काय रं, काय शोधतंस?" म्हटलं रॅम. ती म्हणाली, "तो हितं न्हाय ऱ्हात." तिच्याशी तासभर गप्पा. येताना बोंबील आणले. मामी खूश. रॅम राहिला.

२३ ऑगस्ट, रविवार
गण आला. एकदम स्वच्छ. गवळणही आली. मामाने हेडफोन लावून स्वतःचाच आवाज ऐकला आणि मान हलवत बसला, जणू दुसऱ्याच कोणाचं गाणं आवडलंय.
मग टोमणा. अर्ध्यात मेला.
परत लावला. परत अर्ध्यात मेला.
इतर वेळी दिवसभर चालतो. पिक्चर बघा, गेम खेळा, काही नाही. टोमण्यालाच का?
मामी आतून म्हणाली, कोणाची तरी दृष्ट लागलीय. मामा म्हणाला, नानाचीच.

नाना म्हणजे तुरेवाल्यांचा शाहीर. आमच्याच गावचा, पलीकडच्या वाडीतला, आणि इथे पेणकरपाड्यातही समोरच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या खिडकीपासून हात लांब केला तर त्याची वाळत घातलेली लुंगी ओढता येईल. रिक्षा चालवतो. वर्षभर मामाला हाटकेशला, भांड्यांच्या कारखान्यात कामावर तोच सोडतो. सामना ठरला की बंद. गणपती होईस्तोवर ना हा त्याच्या दारात, ना तो याच्या. बायकासुद्धा जिन्यात बोलतात, घरात नाही. गेल्या वर्षी मामाने टोमणा फोनवर गाऊन एका पोराला पाठवला, पाठ करायला. त्याने ग्रुपवर टाकला. सामन्याच्या दिवशी नाना उत्तर तयार ठेवूनच उभा. मामा अजून तो विषय निघाला की जेवण अर्धं टाकतो.

म्हणून या वर्षीचे नियम. फोन खोलीबाहेर. कॉम्प्युटरला नेट नाही. टोमण्याच्या वेळी खिडक्या बंद, दाराखाली टॉवेल, पंखा बंद.

२६ ऑगस्ट, बुधवार
शेवटी रॅमवाल्याकडे गेलो. म्हणाला, "नया मत ले भाई, पुराना निकाल के रबर मार." शाळेतला खोडरबर घेऊन पट्टी घासली. दुपारभर चालू ठेवला. ठणठणीत. संध्याकाळी मामा कारखान्यातून आला, अंघोळ केली, टोमण्याला बसला. मेला.

२७ ऑगस्ट
फोनवरून एका फोरमवर विचारलं. कोणी म्हणतो ड्रायव्हर, कोणी म्हणतो पॉवर सप्लाय, कोणी म्हणतो विंडोज नवीन टाक. एकाने विचारलं, "क्या गाते हो भाई जो कंप्यूटर मर जाता है?" त्याला उत्तर देता देता तो निघाला नालासोपाऱ्याचा, ढोलकी वाजवतो. त्याच्याशीच बोलत बसलो. ड्रायव्हर राहिला.

२८ ऑगस्ट, शुक्रवार
विंडोज नवीन टाकली. माइकची वायर बदलली. पॉवर सप्लाय मित्राकडून उसना आणला. मामीने मीठ-मिरची आणली आणि कॉम्प्युटरवरून ओवाळून गॅसवर टाकली. ठसक्याने मामाला खोकला लागला, गळा धरून बसला. मग मामीच रडायला लागली. मामा म्हणाला, अगं दृष्ट त्याची काढायची होती की माझी? ती रडता रडता हसली.
आज गाणं झालं नाही.

३० ऑगस्ट, रविवार
दुधाला गेलो तर नाना स्टँडवर, रिक्षा पुसत.
"काय भाचेबुवा, या वर्षी म्हणे शाहीर डब्यातून येणार?"
कुठून कळलं काय माहीत.
"चाळीस वर्षं गातोय, आता गावाला यायचा कंटाळा आला त्याला? की घाबरला?"
बाकीचे रिक्षावाले हसले. मला राग आला. मला राग आला की तोंड आधी चालतं. म्हटलं, ऑपरेशन आहे त्याचं. गळ्याचं.
नाना फडकं हातात घेऊन तसाच उभा. "कोणत्या गळ्याचं?" असं काहीतरी येड्यासारखं विचारलं त्याने.
मी दूध न घेताच परत आलो. मामाने बजावलं होतं, हे कोणाला नाही, आणि त्या बिल्डिंगला तर अजिबात नाही. शाहिराचा गळा गेला हे समोरच्याला कळलं की तो त्यावरच टोमणा बांधतो. मामानेही बांधला असता.
मामाला हे सांगितलं नाही अजून.

१ सप्टेंबर, मंगळवार
सापडलं!!

दुपारी मामा कामावर. मी पेन ड्राइव्ह लावायला टेबलाखाली वाकलो. कॉम्प्युटरवर गोधडी तशीच. (हे वर लिहिलं नाही. कॉम्प्युटरच्या आतला पंखा गुरगुरतो, तो आवाज माइकमध्ये येतो, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी डब्यावर गोधडी टाकतो. टोमण्याला दोन, कारण मामा म्हणतो शेवटच्या कडव्यात खाली उतरायचं असतं, तिथे काही ऐकू यायला नको. गण-गवळण आटोपशीर असते. टोमणा मामा तोडून गात नाही. तुकडे जोडलेला टोमणा लागत नाही म्हणे, धार जाते.)
तर गोधडी उचलली आणि खाली पातेलं. झाकण लावलेलं. आत पीठ, वर आलेलं, झाकणाला चिकटलेलं.
मामीला विचारलं हे काय. ती म्हणाली, "आंबोळ्यांचं. या दिवसांत पीठ येतच नाही रे. तुझ्या डब्यावर मस्त ऊब असते. तुम्ही गायलात की ठेवते, सकाळी बघ कसं फुगतं."
मी डब्याला हात लावला. तवा.

साला, आपणच त्याला गोधडीत घालून गुदमरवतोय. खिडक्या बंद, पंखा बंद, वर दोन गोधड्या, आणि तो बिचारा तरी अर्ध्यापर्यंत तग धरतो. मी एवढे दिवस रॅमला खोडरबर घासतोय!
मामीला मिठी मारली. ती म्हणाली, पीठ सांडेल. आंबोळ्या सात खाल्ल्या. की आठ.

२ सप्टेंबर
मामाला समजावलं. गोधडी नाही, डब्याची बाजूची पत्र्याची फळी उघडी, खिडकी उघडी, टेबलफॅन डब्यावर. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.
"आणि खिडकीतून नाना ऐकणार."
म्हटलं, ऐकू दे.
"मग टोमणा कशाला म्हणायचा त्याला?"
खिडकी बंद ठेवून नुसती गोधडी काढली, तर निम्म्याहून पुढे गेला. मग मेला. या खोलीत वाराच नाही.

४ सप्टेंबर, शुक्रवार
मामाला घेऊन फिरलो. कारखान्यात सुट्टीच्या दिवशी गाऊ म्हटलं तर मालकाची ऑर्डर आलीय, सुट्टीच रद्द. मंडळाच्या एकाची बेव्हर्ली पार्कला रिकामी खोली, पण वर फरशी बसवतायत, कटर चालू. मामा जिन्यात बसला. म्हणाला, राहू दे रे. गण आहे, गवळण आहे. पोरं नाचतील तेवढ्यावर.
मी म्हटलं, टोमण्याशिवाय?
तो म्हणाला, "नाना एकटाच म्हणेल. त्याला कोण समोर नाही असं होईल." मग गुडघ्यावर हात टेकून उठला. "वाईट दिसतं ते."

आवाज बसलाय त्याचा. गाठीमुळे की फिरल्यामुळे, माहीत नाही. मामी हळदीचं पाणी देतेय. मला इथे बसवत नाही, बाहेर जाववत नाही. गच्चीवर जाऊन परत आलो, का गेलो होतो ते आठवेना.

५ सप्टेंबर, शनिवार
मामाला सांगून टाकलं की नानाला ऑपरेशनचं कळलंय, माझ्याकडून. वाटलं, ताट फेकेल. तो फक्त म्हणाला, कधी? मी म्हटलं रविवारी.
"तरीच. आठवडा झाला, त्याच्या घरातून ढोलकी ऐकू आली नाही."
मग जेवला. पूर्ण जेवला.

६ सप्टेंबर, रविवार
उद्या ॲडमिट. मामीने पिशवी भरून ठेवलीय, तिच्यात टॉवेल, रिपोर्ट, आणि का कोणास ठाऊक टाळ.

दुपारी मी झोपलो होतो. खडखडीने जाग आली. मामा खिडकी उघडत होता. दोन्ही फळ्या. पावसाने फुगलेल्या, तर हाताने ठोकून. समोर नानाची लुंगी.
म्हणाला, "फॅन लाव त्या डब्यावर. आवाज येऊ दे आला तर."
मी फॅन ओढला, लावला. रेकॉर्ड दाबलं. मामी ओट्याला टेकून उभी.

पहिलं कडवं घोगरं. दुसऱ्याला गळा सुटला. एवढा मोठा आवाज या खोलीत मी कधी ऐकला नव्हता, आधी सगळं आपण बंद करून गात होतो ना. खाली पोरं क्रिकेट खेळत होती, ती थांबली. मी डब्याला हात लावून बसलो, कोमट. चालतोय. निम्मं गेलं. नेहमीची मरायची जागा गेली. चालतोय.

शेवटचं कडवं. मामाने तान घेतली आणि वरच्या ठिकाणी आवाज तुटला. कॉम्प्युटर नाही, मामा. परत उचललं, परत तिथेच. हात वर तसाच. मामीने पदर तोंडाला लावला. मी स्क्रीनकडे बघत राहिलो, सरळ रेघ पुढे पुढे जातेय, त्यात फक्त फॅन.
'थांबव' असं मामा म्हणाला नाही. मीही नाही थांबवलं.

किती वेळ ते माहीत नाही. मध्येच वही ओढली, हातांना काहीतरी हवं म्हणून. हे सगळं त्याच बैठकीत लिहितोय. मामा खुर्चीत, डोळे मिटून, श्वास घेतोय.

दार वाजलं. मामीने उघडलं.
नाना. बनियनवर, घामाघूम, जिना धावत आल्यासारखा. चपला बाहेर काढतोय. मामी बाजूला झाली. मामाने डोळे उघडले, पण उठला नाही.
नाना आत आलाय. खाली बसतोय, मामाच्या समोर, माइक दोघांच्या मध्ये.
रेघ चालू आहे.