‘वडील’ शब्दातली डी

ती. ताईस,

गुडघे वगळून उरलेल्या सर्व अंगांनी साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा हल्ली जिना नुसता दिसला तरी कुरकुरतो. कारण पुढे येईलच.) तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवायचं थांबलं का? मागच्या वेळी मी फोनवर बोलत असताना तुला कुकर झाल्यासारखं वाटलं आणि तू गॅस बंद करायला गेलीस, ती परत आलीच नाहीस. मी पंधरा मिनिटं वाट पाहिली. म्हणून हे पत्र.

घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आहे आणि महिनाअखेर मला ही खोली सोडायची आहे, हे तुला ठाऊकच आहे. एजंटच्या बोलण्यावर जाऊ नकोस, आधी इमारतीची नीट चौकशी कर, असं तू बजावलं होतंस. त्याप्रमाणे वागलो. एजंट लोकांची भाषा आता मला चांगली समजते. ‘हवेशीर’ म्हणजे खिडकीला काच नाही. ‘शांत’ म्हणजे तिथवर बस जात नाही. एका ठिकाणी मी विचारलं, पाणी येतं का? चोवीस तास, असं उत्तर मिळालं. आत जाऊन बघतो तर खरंच येत होतं, भिंतीतून. तेव्हापासून माणसांना विचारणं सोडून दिलं आणि जिन्याखालचे सूचना फलक वाचायला लागलो. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. माणसं मला कळत नाहीत (हे तुझंच म्हणणं), पण कागद कळतो.

आतापर्यंत आठ इमारती वाचून झाल्या. एकीत ‘लिफ्ट उद्यापासून सुरू होईल’ अशी सूचना होती आणि तो कागद पिवळा पडून त्याचे कोपरे झडले होते. दुसरीत ‘जिन्यात चपला ठेवू नयेत’ याखाली वेगळ्या शाईत ‘ठेवणार’, आणि त्याखाली आणखी वेगळ्या शाईत ‘बघतोच’. मी चपला न काढताच बाहेर पडलो. आठवीत मात्र घोळ झाला. ‘रहिवाशांनी लहान मुले व कचरा जिन्यात सोडू नये’ हे वाचून माझा हात आपोआप खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला. (निवृत्त झालो तरी ती घेतल्याशिवाय मी बाहेर पडत नाही, जसे इतर लोक चष्मा घेतल्याशिवाय पडत नाहीत.) मुलं आणि कचरा वेगळे करत होतो, तेवढ्यात मागून सेक्रेटरी आले. काय चाललंय, म्हणाले. मी खरं तेच सांगितलं, दुरुस्ती. त्यांना वाटलं, लिफ्टवाला आला. दोन महिन्यांपासून बोलावतोय, आज उगवलात, असं म्हणून त्यांनी मला पाच मजले चढवून गच्चीवरच्या मशीनपाशी नेऊन उभं केलं. तिथेही ‘धोखा’ असं लिहिलं होतं. मी ‘धोका’ केलं आणि उतरलो. गुडघा तेव्हा गेला.

नववी इमारत तुझ्या भाचीची. तिथे मी केवळ तुलनेसाठी गेलो होतो, हे आधीच स्पष्ट करतो. सोळा महिन्यांपूर्वी तिने मला पत्र लिहिलं होतं: एकटे राहू नका, इकडे या, तुम्ही माझे वडिल आहात, कुणी परके नाही. तिने ‘वडिल’ लिहिलं होतं, डी ऱ्हस्व. मी सवयीने एकूण अकरा चुकांना गोल केले, खाली ‘एकंदरीत बरे’ असा शेरा मारला आणि पत्र परत पाठवून दिलं. (मजकुराचं उत्तर वेगळ्या पत्रात देणार होतो.) तेव्हापासून तिचं पत्र नाही की फोन नाही. तू मला तेव्हा गाढव म्हणालीस, ते बरोबरच होतं. मला तिची फार आठवण येते, ताई.

तर तिथल्या फलकावर तिच्याच अक्षरात सूचना होती. ‘तळमजल्यावरची जागा भाड्याने देणे आहे. जिना चढावा लागत नाही. वडिल मंडळींस प्राधान्य.’ बाकी सगळं बिनचूक, अनुस्वारसुद्धा जागच्या जागी, आणि तेवढी एक डी ऱ्हस्व. रखवालदाराला विचारलं, तर तो म्हणाला, “चार महिने झाले लावून. कितीतरी जण येऊन गेले. मॅडम सगळ्यांना सांगतात, जागा दिलेली आहे. मग कागद का काढत नाहीत, कुणास ठाऊक.” मी सूचना पुन्हा पहिल्यापासून वाचली. पेन्सिल खिशातच ठेवली आणि घरी आलो.

एकूण चौकशीअंती नववी इमारत राहण्याजोगी वाटते. तुझ्या यंत्राची बॅटरी बदलून घे. बाकी सारं पुढेमागे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तिला सहज फोन करून ती जागा खरंच कुणाला दिली आहे का, ते विचारशील? मी विचारलं असं सांगू नकोस.

ता. क. दुसरं. पेन्सिल खिशातच ठेवली, असं वर लिहिलं आहे. ते खरं नाही. डी दीर्घ करून आलो. पण फक्त तेवढीच.

ता. क. तिसरं. पत्र टपालात टाकायला निघालो आणि पाय तिकडेच वळले. माझ्या लाल वेलांटीखाली आज निळ्या शाईत लिहिलं आहे, ‘एकंदरीत बरे. किल्ली वर आहे.’ तेव्हा तिला फोन करू नकोस, मला कर. वर जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचं, एवढं सांग. रखवालदाराच्या स्टुलावर बसून मी तीन मसुदे केले. तिन्ही शुद्ध आहेत, आणि त्यातला एकही तोंडातून निघत नाही.