सातव्या थरापासून

४ मार्च
ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. शाळेच्या वाचनालयाचं काम मानगुटीवर बसलंय. त्याच्या घुमटांना नमुना म्हणून तुम्ही शेवटी बांधलेल्या घुमटाची मापं संगणकात घातली, तर सातव्या थरापासून डावी बाजू बाहेर झुकते. ऑफिसातले म्हणाले, चूक असेल, सरळ करू. मी भांडले. म्हटलं, माझे बाबा चाळीस वर्षं विटा लावतायत, आता तर दोरीसुद्धा न लावता, नुसत्या नजरेने. त्यांचा हात उगाच बाहेर जाणार नाही. तोच बाक आता वाचनालयाच्या चारही घुमटांना दिलाय. सोमवारी बांधकाम सुरू. भार कसा उतरतो ते संगणकाला पटत नाही, म्हणून बाक का देता, तेवढं कळवा.

आईला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची भिंगरी

९ मार्च
चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

फोन हातात घेतला होता, पण तोंडाने सांगणं जमेना. तो बाक नाही, पोरी. माझा डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला. मधल्या खुंटीला दोरी बांधायची, ताणायची आणि तिच्यावरची गाठ येईल तिथे वीट ठेवायची, हीच आपली रीत. गाठ दिसेना तेव्हा दोरी सोडली आणि सांगत सुटलो की मला लागत नाही. लोक वाहवा करत राहिले. खरं कळलं असतं तर परांचीवर कुणी चढू दिलं नसतं, म्हणून तुझ्या आईलाही बोललो नाही.

तो घुमट अडगळीच्या खोलीवरचा होता. तुझ्या घुमटांखाली मुलं बसतील. काम थांबव. माझं नाव खुशाल सांग. फार थकलोय आता.

जमलं तर लोभ ठेव.
बाबा

१४ मार्च
ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आलं तेव्हा पहिल्या घुमटाचा दहावा थर चालू होता. वरचे चार थर उतरवले. ऑफिसात सांगितलं, चूक माझी. ते खोटंही नाही. तुम्ही दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटत होता, आणि मी समोर बसून घुमटाची मापं घेत होते.

राग आलाय, बाबा. आधी आईला सांगा. परांचीवर चढायचं नाही म्हणजे नाही. पण संगणकातला आकार विटांवर उतरवायला दोरीच हवी, आणि इथल्या गवंड्यांना तिची सवय नाही. खाली खुंटीपाशी बसून ती ताणून धरणारं, त्यांना शिकवणारं कुणीतरी पाहिजे. त्या कामाला डोळे लागत नाहीत.

रागासकट तुमचीच,
भिंगरी

१९ मार्च
चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला सांगितलं. तिला ठाऊक होतं म्हणे. वर्षभर ती माझा कप उजवीकडे ठेवतेय, आणि मला वाटत होतं, मी बरा निभावतोय.

रविवारी निघतो. स्टेशनवर ये, जिन्यांचा भरवसा वाटत नाही. दोरी माझीच आणतो. गाठ मात्र तू मार. मोठी मार, वर देण्याआधी मी ती हाताने बघेन.

तुझा,
बाबा