दुरुस्त केलेला आकडा

प्रिय बेडूकराव,

संबोधन वाचून नाक मुरडू नकोस. एक्कावन्नाव्या वर्षीही जो माणूस लोकांना पोहायला शिकवण्यासाठी दिवसाचे पाच तास पाण्यात काढतो, त्याला आमच्या शास्त्रात दुसरी संज्ञा नाही. अक्षर वाकडं आलंय, त्याला मात्र कारण आहे. माझ्या डाव्या दंडाला पट्टा बांधलाय, तो दर अर्ध्या तासानं आपोआप फुगतो आणि मांडीवरचा कागद घसरतो. होय, मी इस्पितळात आहे, परवापासून. ‘घाबरू नकोस’ असं लिहायला हवं, पण मीच अजून इतकी हादरलेली आहे की ते शब्द मला शोभणार नाहीत.

झालं असं. आमच्या आरोग्य खात्याचं नवं पत्रक निघायचं होतं, रक्तदाबावर. मजकूर अर्थातच माझा. ‘उच्च रक्तदाब बहुधा कोणतीही पूर्वसूचना देत नाही’ हे वाक्य मी चार वेळा घोटून लिहिलं होतं. शीर्षक ‘मूक हन्ता’ असावं असा माझा आग्रह होता, पण आमच्या केंद्रातली नर्स म्हणाली, “ताई, लोक तिकीट काढून बघायला येतील, दाब मोजायला नाही.” मी मुकाट्यानं शीर्षक बदललं. मग मुखपृष्ठासाठी फोटो हवा होता: एक हात, त्यावर पट्टा, शेजारी यंत्र. हात कुणाचा, तर साहेब म्हणाले, तुमचाच घेऊ, अगदी सर्वसाधारण आहे. चोपन्न वर्षांत माझी कुणी केलेली ही पहिली निःपक्षपाती स्तुती.

नर्सनं पट्टा बांधला, बटण दाबलं, तेवढ्यात तिला लसीच्या रांगेकडून हाक आली म्हणून ती पळाली. फोटोवाला उजेड बघत होता, साहेब भिंतीवरचा डाग चौकटीत येतोय का ते बघत होते आणि मी बघत होते माझ्या बाहीची उसवलेली शिवण. यंत्रावर आकडा उमटला. आरोग्य खात्याच्या तीन माणसांसमोर उमटला आणि एकानंही तो वाचला नाही.

सोमवारी प्रूफ टेबलावर आलं. फोटोत स्वच्छ दिसत होतं: २१४, खाली १२८. तुझ्या ताईनं काय करावं? लाल पेन काढलं, आकड्याभोवती गोल केला आणि समासात लिहिलं, ‘अशक्य वाटतो. वाचक घाबरतील. १२४/७८ करावा.’ सही, तारीख. आमच्याकडे माझी लाल खूण म्हणजे ब्रह्मवाक्य. मांडणी करणाऱ्यानं संगणकावर निमूटपणे आकडा बदलला. माझाच हात, माझंच रक्त, आणि मी ते छपाईची चूक म्हणून सुधारून मोकळी झाले! तीस वर्षं लोकांच्या वेलांट्या पकडते आहे मी.

बुधवारी ते पान शेवटच्या तपासणीला नर्सकडे गेलं. तिला एक खोड आहे, ती मूळ फोटो मागते. त्याआधी सकाळी मी तीन जिने चढून आले होते, आणि धापा टाकणाऱ्या साहेबांना “व्यायाम करा हो जरा” असा उपदेशही करून झाला होता. नर्स यंत्र काखेत मारून धावत वर आली. “तो फोटोतला हात तुमचाच ना? बसा. बोलू नका.” मी विनोद करायला तोंड उघडलं तर म्हणाली, “अहो ताई, गप्प बसा ना!” तिचा आवाज फुटला होता. पाच मिनिटं बसवून तिनं एका हातावर मोजलं, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. मला काही होत नव्हतं रे. ना चक्कर, ना धडधड. म्हणूनच अजून विश्वास बसत नाही.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वडील कशानं गेले? मी सवयीनं म्हटलं, रागानं. त्या म्हणाल्या, वय काय होतं? बावन्न. दाब कधी मोजला होता? बाबा सडपातळ होते, घड्याळं दुरुस्त करताना त्यांचा हात कधी थरथरला नाही. त्या सकाळी एक गिऱ्हाईक त्यांच्याशी भांडून गेलं आणि दुपारी ते टेबलावरच कोसळले. तेहतीस वर्षं आपण त्या माणसाला शिव्या दिल्या. आई तर त्याच्या गल्लीतून कधी गेली नाही. आणि आपल्या घरात कुणीच, कधीच, बाबांच्या दंडाला पट्टा बांधला नव्हता. बाईंनी शांतपणे पुढचा प्रश्न विचारला: भावंडं किती?

आता मुद्द्यावर येते. मागच्या पत्रात तू लिहिलंस की हल्ली सकाळी डोकं जड असतं. मी मंगळवारी तुला उत्तर टाकलं की डोकं दुखायला ते आधी असावं लागतं. तो विनोद मी मागे घेते. डोकेदुखी कदाचित काहीच नसेल, पण ती नसती तरी मी हेच लिहिलं असतं. फोन केला असता तर तू “मी ठणठणीत आहे गं” म्हणून हसत विषय बदलला असतास, हे मला ठाऊक आहे. मला हेही ठाऊक आहे की तुमच्या घरी पत्रं आधी वहिनी उघडते. म्हणून हे पत्र. वहिनी, आज तो तलावावरून आला की चहा नंतर दे. हाताला धरून आधी दवाखान्यात ने, थोडा वेळ शांत बसव आणि दाब मोजून घे. तो हसेल, तुला वेडी म्हणेल, माझं नाव घेऊन चिडवेल. हसू दे. पण घेऊन जा गं.

तुम्हां दोघांचीच,
ताई