आईचा करडा स्वेटर

रविवार, ११ डिसेंबर

लाडक्या चिमणीला,

उत्तराला उशीर झाला म्हणून तोंड फुगवून बसली असशील. तुझ्या बाळाला दात आले हे अप्पा दुकानात येईल त्याला सांगत सुटलेत. लोकर घ्यायला आलेली माणसं बिचारी माना डोलावून जातात.

दुकानात लोकरीला कसर लागली आहे. तू टोमणा मारण्याआधीच सांगते, झाडलोट मी रोज करते! कसरीचा पतंग जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा, फिकट सोनेरी, दिव्यावर न येता अंधारात पळणारा. गंमत म्हणजे तो स्वतः काहीच खात नाही, त्याला धड तोंडच नसतं. मादी घड्यांमध्ये अंडी घालते आणि मरते. खातात त्या अळ्या. लाल लोकर खाल्ली की लाल नळी विणून आत बसतात, निळी खाल्ली की निळी. मग कोश, आणि पुन्हा पतंग. अर्धा माल फेकावा लागला.

सुरुवात कुठून झाली ते मला माहीत होतं. खालच्या खणात आईचा करडा स्वेटर होता, शेवटच्या आजारपणातला. "धुतलास तर तिचा वास जाईल," म्हणून अप्पांनी कधी धुऊ दिला नाही. ते तो उचलायचेही नाहीत, रोज खण उघडून नुसता चेहरा आत न्यायचे. आणि कसर येते ती नेमकी अंगाचा घाम लागलेल्या लोकरीवर. जन्मभर लोकर विकलेल्या माणसाला हे मी काय सांगणार?

अप्पा तापाने घरी होते तेव्हा मी स्वेटर उचलला. हातात भुगा आला गं. बटणं तेवढी उरली होती. तिथेच फरशीवर बसून रडले.

मग तशाच लोकरीचा, आईच्याच विणीचा दुसरा विणला. तिची बटणं लावली. ती लावायची ते तेल केसांना लावून, तो अंगात घालून दुकानात वावरले आणि खणात ठेवून दिला. अप्पांना हल्ली नीट दिसत नाही. परवा आले, बराच वेळ खणात वाकून राहिले, आणि म्हणाले, "अजून आहे बघ तिचा वास."

मी "हो" म्हटलं.

हाही ते धुऊ देणार नाहीत. हाही खाल्ला जाईल. मला खरंच काही सुचत नाही.

तू आलीस की ते तुला आधी त्या खणापाशी नेतील. वास माझा आहे हे तुला लगेच कळेल. तेव्हा रडलीस तरी चालेल, त्यांना वाटेल आईसाठी रडतेस. फक्त काही बोलू नकोस.

तुझी, हात टेकलेली,
ताई