खुर्ची घराबरोबर जाते

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार, वहिनीलाही सांग. आम्ही सगळे ठीक. आमच्या यांची पाठ अधूनमधून कुरकुरते, पण तोंड त्याहून जास्त कुरकुरतं, तेव्हा काळजीचं कारण नाही.

तुझं कुरियर पोचलं. तुझ्या वतीनं सही करायचा अधिकार मला दिल्याचे कागद दलालाला दाखवले, बिनचूक आहेत म्हणाला. घरातलं काय राहणार आणि काय न्यायचं, ते तू विचारलंयस. तर दलालानं पुढच्या खोलीत उभं राहून नियम सांगितला, की जे भिंतीला, छताला, जमिनीला स्क्रूनं पक्कं केलेलं आहे ते घराबरोबर जातं आणि जे सुटं ते आपलं. म्हणजे पंखे, गीझर, ओट्यावरची कपाटं घेणाऱ्यांची. बाबांनी बसवलेला तो बटणांचा भला मोठा बोर्डही त्यांचाच. जन्मभर लोकांच्या घरी वायरिंग केलं, पण आपल्या बोर्डावरची अर्धी बटणं कशाची, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही बाबांनी. घ्या म्हणावं, बसा दाबत.

आई भाजी निवडत ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "आरसा?"

"स्क्रू आहेत काकू, राहणार."

"फाटकावरचा दिवा?"

"तोही राहणार."

"आणि ही माझी खुर्ची?"

"ती सुटी आहे. तुमचीच ती."

"बरं," म्हणाली. आई 'बरं' म्हणून गप्प बसली की मनात पाल चुकचुकायला हवी. पण माझ्या डोक्यात तेव्हा शाळेच्या परीक्षा होत्या.

किल्ल्या या आठवड्यात द्यायच्या ठरल्या होत्या, ते जरा पुढे गेलंय. विशेष काही नाही. थोडी कामं राहिलीत.

जाऊ दे, तुझ्यापासून काय लपवायचं! काम एकच राहिलंय, ती खुर्ची.

मंगळवारी शाळा सुटल्यावर सामान बांधायला गेले. खुर्ची उचलायला गेले तर हलेचना. म्हटलं, गेली वाटतं माझी ताकद. वाकून बघते तर चारही पायांना लोखंडी पट्ट्या आणि फरशीत हे एवढाले स्क्रू! कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावून बाईसाहेबांनी काम करून घेतलं होतं.

"आई, हे काय?"

"आता मी घराची. घेणाऱ्यांना सांग, पंख्याबरोबर मीही आले. आवाजही साधारण तेवढाच करते."

मी आधी हसले, मग ओरडले, मग मलाच रडू आलं. ती आपली शेंगा सोलत बसलेली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय! सुताराकडे गेले तर तो म्हणतो, "काकूंनी बसव म्हटलं, बसवली. काकू काढ म्हणतील तेव्हा काढीन." मी तिथंच हात टेकले.

घेणाऱ्या बाई दातांच्या डॉक्टर आहेत. मला वाटलं, आता मोडला व्यवहार. पण त्या सरळ खुर्चीत जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या दवाखान्यातली खुर्चीही जमिनीला पक्की आहे, काकू. फक्त तिच्यात कुणी आपणहून बसत नाही." आई खो खो हसली. किती दिवसांनी हसली! महिनाअखेरपर्यंत थांबते म्हणाल्या. त्यापुढे नाही, त्यांनाही भाड्याचं घर सोडायचंय.

त्या गेल्यावर मी आईच्या पुढ्यात बसले. म्हटलं, "घर विकायला तू एका शब्दात हो म्हणालीस. माझ्याकडे तुझी खोली तयार आहे, तुझे गुडघे हे असे. मग आता हे काय खूळ काढलंस?"

तिनं उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. मग टोपल्याकडे बघत म्हणाली, "मला वाटलं होतं, विकायचं म्हटलं की सहीला तरी येईल."

दादा, ती तुझ्याबद्दल बोलत होती.

बाबा गेल्यावर तू घर विकू या म्हणालास आणि ती रागानं म्हणाली, घर नको तर पुन्हा उंबरठाही ओलांडू नकोस. चार वर्षं झाली, तू खरंच ओलांडला नाहीस. तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी. ती 'चुकले' म्हणणार नाही, ते तिच्या जिभेला जमतच नाही. म्हणून तिनं घर विकायला हो म्हटलं, रे. आणि तू कुरियर पाठवलंस! मला तुझा राग येतो, दादा. तिचाही येतो, पण ती समोर असते, तिच्यावर ओरडता तरी येतं.

त्या खुर्चीतून फक्त फाटक दिसतं. मी बसून बघितलं. बोर्डावरची बाकीची बटणं तिला माहीत नसतील, पण फाटकावरच्या दिव्याचं बटण दिवेलागणीला ती एकदाही चुकलेली नाही.

तेव्हा नीट ऐक. अधिकार असला तरी मी सही करणार नाही. तुझे कागद परत पाठवतेय, सोबत आहेत. सही तुझी तू येऊन कर. खुर्ची कधी काढायची, असं मी आईला विचारलं, तर म्हणाली, "ज्याला घाई आहे त्यानं यावं आणि काढावी." हे तिचं आमंत्रण समज. याहून गोड तिला बोलता येत नाही.

येताना काही आणू नकोस. बाबांचा स्क्रूड्रायव्हर आईनं उशाखाली ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाही. तो ती तुझ्याच हातात देईल.

तुझी,
बुटकी