औद्धत्याची सुटका

तीर्थरूप मामांस, तुमच्या भाच्याचा छाती फुगवून नमस्कार.

गुडघे काय म्हणताहेत? मामींना म्हणावं, खोकला अंगावर काढू नका. इकडे सगळं क्षेम आहे, निदान शब्दकोशाचं तरी.

झालं असं, की कोशाच्या नव्या आवृत्तीतून आमच्या मुख्य संपादकांनी (कचेरीत आम्ही त्यांना 'खोडरबर' म्हणतो, अर्थात दार लावून) 'औद्धत्य' हा शब्द काढायला घेतला. म्हणे मेलाय तो. जिवंत माणसाच्या तोंडून आपसूक निघालेला दाखवा, मग ठेवू. माझं डोकंच फिरलं! अहो, उद्धटपणा म्हणजे दार धाडकन आपटणं; औद्धत्य म्हणजे तेच दार सावकाश लावून आतून कडी घालणं. जुन्या नाटकांतले राजे हा शब्द दूताच्या अंगावर फेकायचे, आणि जुने ग्रंथकार प्रस्तावनेत तो आपणहून अंगावर घ्यायचे ('अल्पमतीने हे औद्धत्य करीत आहे' म्हणायचं आणि पुढे उशीएवढा ग्रंथ!). असा शब्द केराच्या टोपलीत?

मग मी उद्धटपणाचा सपाटाच लावला. न्हाव्याला केस कसे कापावेत ते शिकवलं. तो म्हणाला, जास्त शहाणपणा नको. बँकेत रांग मोडून खिडकीत डोकं घातलं, तर आतल्या बाईंनी विचारलं, शिंगं फुटलीत का? सासूबाईंच्या भाजीला नावं ठेवली. त्यांनी सरळ माझ्यापुढचं ताट उचललं (त्याचे परिणाम अजून भोगतोय). उर्मट, आगाऊ, मस्तवाल, सगळं ऐकून घेतलं, पण औद्धत्य काही कुणाच्या जिभेवर येईना. अगदी रडकुंडीला आलो होतो, मामा.

शेवटी काल बैठकीत, सगळ्यांदेखत, खोडरबरांच्याच खुर्चीत जाऊन बसलो, पाय टेबलावर ठेवले आणि त्यांना म्हटलं, जरा चहा सांगा. ते लालबुंद झाले. चष्मा काढला, परत घातला आणि गरजले, "हे औद्धत्य मी मुळीच खपवून घेणार नाही!" मी टुणकन उठलो, खिशातली कोशाची नोंदचिठ्ठी काढली, वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि खाली त्यांचीच सही मागितली. कचेरी टाळ्या पिटत होती. जिंकलो, मामा, जिंकलो!

तुमचा लाडका (असं मीच धरून चाललोय) भाचा

ता. क. नोकरी गेली.

ता. ता. क. खोडरबर तुमचे शाळासोबती. एकदा जाऊन माझ्या वतीनं माफी मागा ना, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. फक्त तिथं 'उद्धटपणा' म्हणू नका हं. 'भाच्याच्या औद्धत्याची क्षमा करा' असंच म्हणा, आणि जरा मोठ्यानं. कोशाच्या नियमानं पुरावे दोन लागतात, आणि दाराशी बसणाऱ्या टंकलेखिकाबाई कोरी चिठ्ठी घेऊन तयार आहेत.