एकतीस की अडतीस

सोमवार, १४ जुलै २०२५

एकतीस! दहा वेळा चालवून बघितलं, दहाही वेळा एकतीस. आणि ऑफिसातला चिदंबर म्हणतो अडतीस.

शाळांतल्या मुलांच्या कानांची तपासणी संपली. आता पुन्हा बोलवायच्या मुलांची यादी करायची. प्रोग्रॅम मी लिहिलेला, नोंदी त्याच, मशीनही ऑफिसचं एकच. मी तो नोटबुकमध्ये चालवते — ब्राउझरमध्ये, एकेक तुकडा डोळ्यांनी बघत. चिदंबर कमांड लाइनवाला. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करतो आणि मोकळा होतो.

सात मुलांचा फरक. शुक्रवारी पाचला यादी शाळांना जाणार, शनिवारी शिबिर. यादीत ज्याचं नाव नाही त्याच्या घरी ‘कान ठीक आहेत’ अशी चिठ्ठी जाते. मग पुन्हा कोण बघतंय! मूल वर्गात मागे पडत जातं आणि सगळे त्याला ढ म्हणतात.

“तुम्ही जुनी फाइल चालवताय,” मी म्हटलं. “इल्ला मॅडम, निम्म फाइले.” नाही म्हणे, माझीच फाइल! राग आला.

मंगळवार, १५ जुलै

मापदंडांची फाइल उघडून त्याच्या नाकासमोर धरली. वीस डेसिबल. ऐकू यायला त्याहून मोठा आवाज लागला की मूल परत बोलवायचं. पूर्वी पंचवीस होतं, जानेवारीत वीसवर आणलं. तो बदल मीच केला होता. तो म्हणाला, “हो, माझ्याकडेही वीसच दिसतंय.”

नोटबुक बंद केली, पुन्हा सुरू केली. एकतीस. त्याच्या खिडकीत अडतीस. दोघीही आपल्या जागेवरून हलायला तयार नाहीत, आमच्या दोघांसारख्याच.

नागरत्ना मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रकल्पप्रमुखांनी, केबिनमध्ये बोलावलं. “स्मृती, यावदु सरी?” कुठलं बरोबर? मी म्हटलं, माझं. फेब्रुवारीत अशीच यादी केली होती, एक तरी तक्रार आली का? “नाही,” त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं.

बुधवार, १६ जुलै

चिदंबरने सात नावं कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवली. मी कागद उलटा करून ठेवला.

गुरुवार, १७ जुलै

आज सगळ्यांसमोर बोलून बसले. “तुम्हाला चालवता येत नसेल तर प्रोग्रॅमला हात लावू नका.” — वीस वर्षं मुलांचे कान तपासणाऱ्या माणसाला! तो चिडला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, “मॅडम, त्या सातांना मी स्वतः हेडफोन लावलेत. तिसरीतली एक मुलगी आहे. हाक मारली की आधी बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघते.”

घरी जेवण जाईना. बाबा म्हणाले, “यन आयतु ग? सुम्ने, उगंच ताटाकडं काय बघत बसलीयस?” काय झालं ते सगळं सांगितलं. त्यांना प्रोग्रॅममधलं ओ की ठो कळत नाही. तरी शेवटी विचारतात, “दोघांच्या हातात हत्यार एकच हाय का, बघितलीस?”

आमच्या घरात कुणा खापरपणजोबांची तलवार आहे. त्यामुळे भुजंगरावांना, म्हणजे बाबांना, जगातली प्रत्येक वस्तू हत्यार वाटते! मी हसले. पण झोप काही आली नाही.

शुक्रवार, १८ जुलै

सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात. नोटबुकला एवढंच विचारलं — मापदंडांची फाइल तू उचललीस कुठून?

उत्तर आलं. ‘पूजा’ नावाच्या फोल्डरमधून.

गेल्या वर्षीची आयुधपूजा. ऑफिसात सगळ्या कॉम्प्युटरना कुंकू लावलं होतं. घरी बाबा तलवार ठेवतात, मग माझं आयुध कोणतं? मापदंडांची फाइल! मी तिची प्रत काढून ‘पूजा’ फोल्डरमध्ये ठेवली, ऐटीत. पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवशी आधी हातात घ्यायचं असतं. म्हणून नोटबुक सुरू होताना जी फाइल आपोआप चालते तिच्यात एक ओळ घातली: आधी ‘पूजा’मध्ये बघ. विजयादशमीच्या एका दिवसापुरती. ती ओळ काढायची राहिली. कमांड लाइन ती फाइल वाचतच नाही, म्हणून चिदंबरला नवी फाइल मिळत होती. मला दसऱ्याची. पंचवीस डेसिबलवाली!

मी उघडून दाखवत होते एक फाइल आणि चालवत होते दुसरी.

ओळ काढली. नोटबुक — अडतीस. ते सात कोण, तेही जुळवून बघितलं. कागद सुलटा केला. तीच सात नावं.

चिदंबर आल्या आल्या सगळ्यांसमोर माफी मागितली. ओरडले होते सगळ्यांसमोर, मग माफी कोपऱ्यात कशी मागणार? “आयतु बिडी मॅडम,” म्हणाला, जाऊ द्या, आणि माझ्यासाठीही कॉफी घेऊन आला. चार चाळीसला अडतीस नावं शाळांना गेली. सुटले!

सकाळी ती कॉफी पिताना त्याने विचारलं, “ती ओळ कधीपासून होती?” “दसऱ्यापासून,” मी म्हटलं आणि हसले. तो हसला नाही. का, ते मला कळलं नाही.

शनिवार, १९ जुलै

शिबिराला छत्तीस मुलं आली. ती तिसरीतली मुलगीही. माझ्याही ओठांकडेच बघत होती.

तिच्या आईने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. म्हणाली, “पण फेब्रुवारीत तर तुम्हीच लिहून दिलं होतं — कान ठीक आहेत.”

खाली माझी सही.